नर माशातला बलक मोजताना: झेब्राफिश विटेलोजेनिन किटचा वर्षभराचा अनुभव

अंड्याचा बलक ज्यापासून तयार होतो ते विटेलोजेनिन हे प्रथिन मादीच्या यकृतात इस्ट्रोजेनच्या प्रभावाने बनते. नर माशात ते जवळजवळ नसतेच. पण त्याचे जनुक नरातही असते आणि इस्ट्रोजेनसारखे वागणारे रसायन पाण्यात आले की नराचे यकृतही मुकाट्याने ते बनवू लागते. ब्रिटनमध्ये शुद्धीकरण केंद्रांतून सोडलेल्या सांडपाण्यात पिंजऱ्यात ठेवलेल्या ट्राउट माशांत हे दिसून आले, ते काम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायने ओळखण्यासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या २३० क्रमांकाच्या २१ दिवसांच्या चाचणीत ही मोजणी केंद्रस्थानी आली. आम्ही ती झेब्राफिश या लहान पट्टेदार माशावर करतो आणि त्यासाठी गेले वर्षभर एक आयात एलायझा किट (प्रतिपिंडांच्या मदतीने प्रथिन मोजणारा संच) वापरत आहोत.

झेब्राफिशच्या बाबतीत किट चांगला असणे अधिकच गरजेचे आहे. या चाचणीतले इतर मासे, म्हणजे फॅटहेड मिनो किंवा मेडाका, यांच्या नरांत मोजता येतील अशी बाह्य लैंगिक लक्षणे असतात. झेब्राफिशमध्ये तशी सोय नसल्याने सगळी भिस्त या एका आकड्यावर राहते.

प्रत्यक्ष काम सोपे आहे. प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये नमुना घालायचा, धुवायचे, दुसरे प्रतिपिंड घालायचे, पुन्हा धुवायचे आणि शेवटी रंगद्रव्य. निळा रंग आम्लाने पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरवर वाचला जातो. प्रमाण नमुन्यांची (ज्यांतले विटेलोजेनिन आधीच ठाऊक असते अशांची) वक्ररेषा सुरेख येते, जोडीच्या खळग्यांतले आकडे एकमेकांशी जुळतात, आणि नियंत्रण गटातले नर व इथिनिलइस्ट्राडिओल हे कृत्रिम इस्ट्रोजेन दिलेले नर यांतला फरक तर यंत्रात घालण्याआधी नुसत्या डोळ्यांनाही दिसतो.

तक्रार आहे ती माहितीपुस्तिकेबद्दल. ती रक्तद्रव डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. पण जेमतेम तीन-चार सेंटिमीटरच्या नरातून रक्त निघणार किती? आम्ही डोके आणि शेपटी बारीक वाटून लगदा करतो, तेव्हा त्या लगद्यातली प्रथिने तोडणारी विकरे थोपवण्यासाठी अ‍ॅप्रोटिनिन लागते. ते किटमध्ये नाही आणि पुस्तिकेत त्याचा साधा उल्लेखही नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे तिने सुचवलेले एकच विरलीकरण (नमुना किती पट पातळ करायचा ते प्रमाण). नरातले विटेलोजेनिन हजारो, क्वचित लाखो पटींनी वाढू शकते, त्यामुळे पहिल्या प्लेटवर उपचारित नरांचे बहुतेक आकडे वक्ररेषेच्या वर गेले आणि ती प्लेट वाया गेली. आता प्रत्येक नमुना निदान तीन विरलीकरणांत घालतो. अर्थात, एका किटमध्ये मासे कमी बसतात आणि खर्च वाढतो. मादीचे नमुने नेहमी नरांनंतर हाताळावेत, कारण मादीच्या नमुन्याचा एक थेंब उडाला तरी शेजारचा नर ‘बाधित’ ठरेल.

दुसरी खेप आली तेव्हा बर्फाच्या पिशव्या वितळून कोमट झाल्या होत्या आणि वक्ररेषा अर्ध्यातच आडवी झाली. विक्रेत्याने छायाचित्रे मागवली, मग खेपेचा क्रमांक, मग पुन्हा तीच छायाचित्रे. बदली किट पाच आठवड्यांनी मिळाला. तोवर नमुने उणे ८० अंशांवर पडून होते.

किटच्या मर्यादा विकत घेण्यापूर्वीच ओळखलेल्या बऱ्या. प्रोक्लोराझसारखे बुरशीनाशक इस्ट्रोजेन तयार करणारे अ‍ॅरोमॅटेज हे विकर रोखते तेव्हा मादीतले विटेलोजेनिन घटते आणि तेही हा किट टिपतो. पण यकृताला इजा झाली तरी आकडा घटतोच, म्हणून सोबत ऊतींची तपासणी ठेवावी. थायरॉइडमधली ढवळाढवळ येथे दिसणारच नाही. त्यासाठी झेनोपस बेडकाच्या डिंभांवरची (टॅडपोल) वेगळी चाचणी आहे. रोहू-कटल्यासाठीही हाच किट चालेल असे गृहीत धरू नये.

पुढच्या वर्षासाठी आम्ही हाच किट मागवला आहे, मात्र बर्फासोबत तापमान नोंदवणारी पट्टी हवी अशी अट मागणीपत्रात घालूनच.