फूटहिल की डी अँझा? एकाच डिस्ट्रिक्टमधली दोन कॉलेजं

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचं (पहिली दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात जाता येतं अशा सरकारी कॉलेजचं) नाव निघतं ते बहुतेक वेळा यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, निकाल मनासारखा लागला नाही म्हणून, आणि तेही जरा आवाज खाली करून. त्या संकोचाला काही अर्थ नाही, पण तो वाद आज नको. जायचं ठरलं आहे आणि क्युपर्टिनोचं डी अँझा की लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल एवढंच अडलं आहे, असं धरून पुढचं लिहितो.

पैशांवरून ठरवायचं म्हणाल, तर तिथे ठरवण्यासारखं काही नाही. कॅलिफोर्नियाचे रहिवासी असाल तर दोन्हीकडे युनिटला 31 डॉलर. ट्रान्स्फरसाठी, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठी, लागणारी 90 क्वार्टर युनिट्स 2,790 डॉलरमध्ये होतात; किरकोळ फी, पुस्तकं आणि पार्किंग वेगळं. एच-4 वर (एच-1बी नोकरदाराच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) आलेल्यांनाही राज्यात एक वर्ष आणि एक दिवस पुरा झाला, की कागदपत्रं दाखवून रहिवाशाचा दर मिळू शकतो. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना मात्र ही सवलत नाही. डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा वगैरे सहा यूसींपैकी एकीत प्रवेशाची हमी देणारी ‘टॅग’ची सोय दोन्हीकडून सारखीच मिळते. बर्कली आणि यूसीएलए त्या यादीत नाहीत, हे आधीच मुलाच्या कानावर घाला.

खरा फरक आहे तो दिवस कसा जातो यात. कॅम्पसवर वसतिगृह दोन्हीकडे नाही. वर्ग संपला की गाडीत बसून घरी, ही इथली रीतच. त्यामुळे मधल्या दोन तासांच्या गॅपमध्ये मूल कॅम्पसवर थांबतं की पार्किंग लॉटकडे वळतं, यावर त्याचं कॉलेज-जीवन ठरतं.

थांबायला डी अँझा बरं. जुन्या वाइनरीच्या जागेवर 1967 मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज सपाट जमिनीवर, स्टीव्हन्स क्रीक रस्त्याला लागून आहे. 23, 523 आणि 55 नंबरच्या बसेस दारात येतात आणि व्हीटीएचा (इथल्या सार्वजनिक बससेवेचा) पास विद्यार्थ्यांच्या फीतच असतो. गाडी नसलेल्या अठरा वर्षांच्या पोराला, म्हणजे पर्यायाने त्याच्या आईला, हा मोठा दिलासा. दोन्हींत हेच कॉलेज मोठं, त्यामुळे क्लब भरपूर. दुपारी मधल्या चौकात कोणी कॅल्क्युलस घेऊन बसलेलं असतं, तर कोणी टेबल मांडून सभासद गोळा करत असतं. गर्दीचा तोटाही आहेच: हवा तो सेक्शन भरलेला निघतो, मग वेटलिस्टवर जीव टांगणीला. अ‍ॅपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक इथे शिकला, हे नातेवाइकांना सांगायला उपयोगी पडेल.

फूटहिल दिसायला कितीतरी देखणं. दोन टेकड्यांवर, मध्ये पादचारी पूल, मोठ्या उतरत्या छपरांच्या बैठ्या इमारती. 1961 मध्ये उभ्या राहिलेल्या या कॅम्पसचं वास्तुरचनेच्या जगात आजही नाव आहे. पण पार्किंग खाली आणि वर्ग वर. सकाळच्या वर्गाला पाच मिनिटं उशीर झाला असेल, तर तो चढ चांगलाच जाणवतो. बसने यायचं तर 40 नंबर. ती चुकली की आसपास टेकड्या आणि बंगले, चहा घ्यायला टपरीसुद्धा नाही. बरेचसे वर्ग ऑनलाइन असल्यामुळे कॅम्पस शांत असतो. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला ही शांतता मानवते. नुकतीच शाळा संपवलेल्या आणि मित्र पांगलेल्या मुलाला ती खायला उठते.

म्हणून माझं मत असं: बारावीनंतर थेट येणाऱ्याने डी अँझा घ्यावं. नोकरी करणारे, लहान मूल सांभाळून शिकणारे किंवा एच-4 वर असताना नवं काही शिकू पाहणारे यांना फूटहिल सोयीचं. त्याचं सनीवेलमध्येही एक केंद्र आहे. अभ्यासक्रमाने प्रश्न सुटत असेल, तर माझं मत बाजूला ठेवा. डेंटल हायजीन हवं असेल तर फूटहिलच, त्यात तिथे चक्क बॅचलर्स पदवी मिळते. नर्सिंग किंवा मोटार दुरुस्तीचं शिक्षण हवं असेल तर डी अँझा.

दोन्हीकडे क्वार्टर पद्धत आहे, हे हलक्यात घेऊ नका. बारा आठवड्यांत विषय संपतो. जरा स्थिरावतोय तोवर मिडटर्म समोर.

आणि एकाची निवड म्हणजे दुसऱ्याचं दार बंद, असंही नाही. दोन्ही कॉलेजं चालवणारं डिस्ट्रिक्ट एकच असल्याने एका कॉलेजात नाव घालून दुसरीकडचा एखादा वर्ग घेता येतो. डी अँझाची वेटलिस्ट हलत नसेल तेव्हा बरेच जण हेच करतात. फक्त मॅथ्स किंवा फिजिक्सची साखळी अर्धी इथे, अर्धी तिथे करण्याआधी असिस्ट डॉट ऑर्गवर (इथला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरला जातो ते दाखवणारी साइट) आपल्या यूसीचं पान उघडून काउन्सेलरसोबत तपासा. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्येच भरायचा असतो, त्यामुळे ही भेट उन्हाळ्यातच उरकलेली बरी.