फार्महाऊस पद्धतीचं स्वयंपाकघर: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

हे स्वयंपाकघर दिवाळीनंतर वापरात आलं. आता उन्हाळा आणि पुण्याचा अख्खा पावसाळा काढून झालाय. पांढरं फायरक्ले (म्हणजे भट्टीत भाजलेल्या मातीचं) सिंक, ओट्याच्या एका भागाला सागवानी फळी, शेकर शटर (म्हणजे कडेने चौकट आणि मध्ये सपाट फळी असलेली कपाटाची दारं), भिंतीला ३ बाय ६ इंची पांढऱ्या टाइल्स आणि उघड्या मांडण्या असा सगळा थाट. दिसतं अजून सुरेख. पण रोज दोन वेळा फोडणी पडणाऱ्या घरात प्रत्येक गोष्ट सारखी टिकत नाही.

सिंकला पैकीच्या पैकी गुण. कढई आडवी मावते आणि समोर ओट्याची कड नसल्याने फार वाकावं लागत नाही. हळदीचा डाग खाण्याच्या सोड्याने निघतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याच्या करड्या रेघा म्हणजे चरे नव्हेत, धातू घासून बसलेला असतो. बारीक पावडरने हलकं चोळलं की जातात. लोखंडी तवा हातातून सुटला तर मात्र टवका उडतो, म्हणून तळाला स्टीलची जाळी हवीच.

बसवताना खरी कसोटी. ३० इंची सिंक रिकामंच ४५ किलोच्या आसपास भरतं, त्यात पाणी आणि भांडी. नुसत्या प्लायच्या खोक्यावर ते ठेवू नका. दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती आणि वर कडप्पा, ही आपली जुनी रीतच इथे उत्तम. भट्टीत माती आकसते, त्यामुळे प्रत्येक नगाचं माप काही मिलिमीटर मागेपुढे होतं. सिंक घरात आल्याशिवाय ग्रॅनाइट कापायला देऊ नका. कॅटलॉगातल्या मापावर कापलेला दगड हमखास फसतो.

आणखी एक. सिंकच्या दर्शनी भागावरून थेंब ओघळतो, खालच्या कडेला थांबतो आणि तिथून शटरच्या वरच्या धारेत मुरतो. शटर एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं, असेल तर पावसाळ्यात तीच धार आधी फुगते आणि रंग सुटतो. सिंक शटरच्या अर्धा इंच तरी पुढे काढा, म्हणजे थेंब सरळ खाली पडेल. सिंकखालच्या शटरला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या आणि चारही धारा रंगाने बंद करून घ्या.

शेकर शटरच्या आतल्या काटकोनात तेल आणि पीठ मिळून चिकट थर बसतो. सुताराला ती कड तिरपी उतरवायला सांगा, एका फडक्यात पुसली जाते.

सागवानी फळी सिंकपासून दोन फूट लांब हवी. दमट हवेत लाकूड रुंदीला वाढतं. खालून स्क्रूसाठी लांबट भोकं ठेवली नाहीत तर फळी वाकते किंवा तडकते. महिन्यातून एकदा फूड-ग्रेड मिनरल ऑइल चोळा. शेंगदाण्याचं तेल लावलंत तर खवट वास धरतो.

उघड्या मांडण्या गॅसजवळ अजिबात नकोत. चिमणी असूनही वरच्या बरण्यांवर तेलाची साय धरते आणि तिच्यावर धूळ. गॅसपासून किमान तीन फूट सोडा आणि तिथे रोजच्या वापरातलीच भांडी ठेवा, म्हणजे ती आपोआप धुतली जातात. पितळेचे डबे आणि शोभेची चिनीमाती काचेच्या दारामागेच बरी.

टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरू नका, गॅसमागे ते पिवळं पडतं. इपॉक्सी (सांधे भरायचं राळेचं मिश्रण) महाग पडतं, पण गॅसमागच्या पट्ट्यापुरतं तरी तेच भरून घ्या.