आपोआप पुनर्खरेदीची टिक: एका पोकर साइटवरच्या अकरा महिन्यांचा अनुभव

परवा ॲपचे आणखी एक अपडेट आले आणि मी काढून ठेवलेली 'आपोआप भरणा' ही टिक न विचारता पुन्हा लागलेली दिसली. या एका टिकेवरून मी ग्राहकसेवेशी एकोणीस दिवस पत्रव्यवहार केलेला असल्यामुळे आता अनुभव सविस्तर लिहायलाच हवा असे ठरवले. मी खेळते तो नो-लिमिट होल्डेम, म्हणजे समोरची सगळी रास कधीही लावता येणारा पोकर. ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायची रक्कम (लहान ती स्मॉल, मोठी ती बिग), आणि बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना विकत घ्यायची चिप्सची रास, पूर्ण असेल तर शंभर बिग ब्लाइंडची. बाकीचा खेळ वाचणाऱ्याला माहीत आहे असे मी धरून चालते.

अकरा महिन्यांपूर्वी मी ५० डॉलर भरले आणि त्यानंतर खिशातला एक सेंटही घालायचा नाही असे ठरवले. सुरुवात १/२ सेंटच्या (म्हणजे स्मॉल ब्लाइंड एक सेंट, बिग ब्लाइंड दोन सेंट) सहा जणांच्या टेबलांवर केली. तिथे पूर्ण बाय-इन २ डॉलरचा असतो, म्हणजे हाताशी २५ बाय-इन होते. नियम साधे ठेवले. वरच्या पातळीचे ३० बाय-इन साठले की वर जायचे, २० च्या खाली आले की त्याच दिवशी खाली उतरायचे, आणि एका बैठकीत तीन बाय-इन गेले की उठायचे. पोकरपटू क्रिस फर्ग्युसन यांनी २००६ मध्ये शून्यापासून दहा हजार डॉलरपर्यंत जाण्याचा जो प्रयोग सुरू केला आणि पुढच्या वर्षी पूर्ण केला, त्यातला नियमही मी उचलला. कॅश गेममध्ये, म्हणजे स्पर्धेत नव्हे तर थेट पैशांच्या टेबलावर, एकूण रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक पैसे घेऊन बसायचे नाही, आणि समोरची रास एकूण रकमेच्या १० टक्क्यांच्या वर गेली की पुढचा ब्लाइंड येताच टेबल सोडायचे, असा तो नियम आहे. २००० साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकलेला माणूस एवढे पथ्य पाळतो, तर मी न पाळण्याचे काही कारणच नव्हते.

पहिल्या साडेचार महिन्यांत चार टेबलांवर रोज सव्वा तास खेळून ५२,००० डाव झाले. खेळातून ८४ डॉलर मिळाले, रेकबॅकचे, म्हणजे साइटने कापलेल्या रकमेतून परत मिळणारे, १६ डॉलर मिळाले आणि ५० चे १५० झाले. तासाचा हिशेब केला तर ही कमाई साठ सेंटच्या आतच भरते. मला त्याचे वाईट वाटले नाही, कारण मी हे मजुरीसाठी करत नव्हते. वाईट वाटले ते डावांची नोंद ठेवणाऱ्या ट्रॅकरमधला दुसरा रकाना पाहून, कारण याच काळात माझ्या जिंकलेल्या पॉटमधून (डावात मध्यभागी जमलेल्या पैशांतून) साइटने रेक, म्हणजे आपला वाटा, म्हणून ९३ डॉलर कापून घेतले होते. सर्वांत खालच्या टेबलांवर रेकची कमाल मर्यादा जवळपास कधीच गाठली जात नाही, त्यामुळे पाच टक्के म्हणजे खरोखर पाच टक्केच जातात. १ डॉलर २० सेंटच्या पॉटमधून सहा सेंट जातात, म्हणजे चक्क तीन बिग ब्लाइंड. मोठ्या टेबलांवर कमाल मर्यादेमुळे हाच वाटा बिग ब्लाइंडच्या हिशेबात कितीतरी हलका होतो. खालच्या पातळीवर दुबळ्या पत्त्यांनी लहान पॉट जिंकत राहणे हा त्यामुळेच आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन सामाईक पाने, पडण्यापूर्वी डाव संपला तर या साइटवर रेक लागत नाही, हे लक्षात आल्यावर मी स्मॉल ब्लाइंडवरून नुसता कॉल करणे, म्हणजे न वाढवता बरोबरीची रक्कम भरणे, जवळपास बंद केले. त्या काळात मला कुणी विचारले असते तर साइटचा एकमेव दोष रेक आहे, असे मी सांगितले असते.

ते मत सातव्या महिन्यात बदलले.

पूर्वी सेटिंगमध्ये दोन स्वतंत्र टिका होत्या. एक टिक लावली की समोरची रास बाय-इनपेक्षा कमी होताच पुढच्या डावाआधी ती पुन्हा पूर्ण होत असे. दुसरी लावली की सगळी रास गेल्यावर आपोआप नवा बाय-इन घेतला जात असे. मी पहिलीही लावली नव्हती आणि दुसरीही. सातव्या महिन्यातल्या अपडेटने दोन्हींची मिळून 'आपोआप भरणा' ही एकच टिक केली आणि ती लावलेल्या अवस्थेतच आणून दिली.

त्या संध्याकाळी मी २/५ सेंटच्या चार टेबलांवर बसले होते. खात्यात १६३ डॉलर २० सेंट होते. माझ्याजवळ एक वही असते. प्रत्येक बाय-इनला मी तिच्यात एक उभी रेघ ओढते, आणि नवा बाय-इन घेण्याआधी रेघा मोजते. त्या दिवशी सुरुवातीच्या चार रेघा ओढल्या. तिसऱ्या टेबलावर माझ्याकडे बदाम आणि किलवरचे बादशहा आले, समोरच्याने चौथ्यांदा वाढवून सगळे पैसे आत ढकलले, मी कॉल केला आणि त्याने एक्क्यांची जोडी उघडली. ही लढत बादशहा साधारण सहा वेळांत एकदा जिंकतात, आणि ती एक वेळ ही नव्हती. इथवर तक्रार काहीच नाही, सहा जणांच्या टेबलावर बादशहांसह तो कॉल मी उद्याही करेन. पण चिप्स सरकत समोरच्याच्या बाजूला पोहोचायच्या आत माझ्या नावाखाली पुन्हा ५.०० हा आकडा उभा राहिला आणि पुढचे पत्ते वाटले गेले. आधी अशा वेळी मध्यभागी एक चौकट येई, पुन्हा खरेदी करायची का असे विचारी आणि तीस सेकंद थांबे. त्या तीस सेकंदांत मी वहीकडे पाहत असे. त्या दिवशी चौकटही आली नाही आणि रेघही ओढली गेली नाही. उरलेल्या तीन टेबलांवर पत्ते चालूच होते, आणि चार टेबलांवर लक्ष ठेवणाऱ्याला एका कोपऱ्यातला आकडा बदललेला दिसतोच असे नाही. पन्नास मिनिटांनी उठून लॉबी पाहिली तेव्हा खात्यात १३० डॉलर ८० सेंट होते. माझी मर्यादा १५ डॉलरची होती आणि गेले होते ३२ डॉलर ४० सेंट. वहीत रेघा चारच होत्या.

एका टिकेवरून एवढे लिहिणे काहींना अती वाटेल, म्हणून कारण नीट सांगते. छोट्या रकमेवरून बँकरोल, म्हणजे खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे, वाढवताना कोणते पत्ते खेळायचे यावर ढीगभर सल्ला मिळतो, पण तग धरण्याचा प्रश्न गणिताचा आहे. सहा जणांच्या टेबलावर दर शंभर डावांमागे प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती इकडेतिकडे जातो याचे माप) ८० ते १०० बिग ब्लाइंडच्या घरात असते. ते ९० धरले तर १०,००० डावांत निव्वळ नशिबाने नऊ बाय-इन इकडे किंवा तिकडे होणे ही अगदी सामान्य गोष्ट ठरते. खेळाडू शंभर डावांमागे तीन बिग ब्लाइंड जिंकणारा असेल आणि कधीही खाली उतरणार नसेल, तर २० बाय-इनवर त्याचे दिवाळे निघण्याची शक्यता सुमारे २३ टक्के येते, ३० बाय-इनवर ११ टक्के आणि ४० वर पाच टक्के. चांगला खेळणाऱ्याचे हे आकडे आहेत. जो शून्यावर किंवा तोट्यात खेळतो त्याला कितीही बाय-इन पुरत नाहीत. हाताशी आहे त्या रकमेत ही शक्यता कमी करण्याचे मुख्य साधन म्हणजे वेळेवर थांबणे आणि वेळेवर खालच्या टेबलावर जाणे. तो निर्णय घेण्याची जागा म्हणजे एक रास संपणे आणि दुसरी विकत घेणे यांमधला क्षण. नेमका तोच क्षण या टिकेने काढून घेतला. दहा हजारांचे खाते असलेल्याला त्याचे काहीच वाटणार नाही, पण माझ्या खात्यात त्या दिवशी जेमतेम ३२ बाय-इन होते.

ग्राहकसेवेला मी त्याच रात्री लिहिले. पैसे परत मागितले नाहीत, कारण डाव रीतसर झाले होते आणि समोरच्यांनी ते रीतसर जिंकले होते. मागणी एवढीच होती की दोन टिका पूर्वीसारख्या वेगळ्या कराव्यात आणि अपडेटनंतर खेळाडूची निवड बदलू नये. पहिल्या उत्तरात ॲप बंद करून पुन्हा उघडायला सांगितले. दुसऱ्या उत्तरात टिक कशी काढायची याचे चित्र पाठवले, जणू मी तेच विचारले होते. तिसऱ्यात डावांचे क्रमांक मागितले, मी ते सगळे दिले, आणि त्यानंतर आठ दिवस काहीच आले नाही. एकोणिसाव्या दिवशी आलेल्या शेवटच्या पत्रात ही सुविधा अपेक्षेप्रमाणे काम करत असून माझी सूचना नोंदवून घेतली आहे, असे दोन ओळींत कळवले होते. मला या उत्तराचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

इथे मला माझी एक चूक मान्य करायला हवी. त्या प्रसंगानंतर मी टिक काढली, ही सुविधाच निकामी आहे असे ठरवले आणि सहा आठवडे रास हाताने भरत राहिले, म्हणजे बहुतेक वेळा भरायला विसरले. मग एका डावात माझ्यासमोर फक्त २ डॉलर ३० सेंट होते, समोरच्याकडे सात डॉलर होते, आणि माझ्या पंजांच्या जोडीला फ्लॉपवर तिसरा पंजा मिळाला. जोडीला फ्लॉपवर तिसरे पान साधारण साडेआठ वेळांत एकदाच मिळते. समोरच्याने एक्का जुळलेला असल्यामुळे काहीही न सोडता सगळ्याला कॉल केला, आणि मला त्याच्याकडून मिळाले २ डॉलर ३० सेंट. रास पूर्ण असती तर पाच डॉलर मिळाले असते. त्यानंतर मी ट्रॅकरमध्ये तपासले तेव्हा त्या सहा आठवड्यांतल्या जवळपास पाचव्या हिश्श्याच्या डावांत माझी रास ८० बिग ब्लाइंडच्या खाली होती. एवढ्या डावांवरून जिंकण्याच्या दराबद्दल काही सिद्ध होत नाही हे मला कळते. पण ज्या टेबलावर आपण इतरांपेक्षा बरे खेळतो तिथे पूर्ण रास घेऊन बसणेच फायद्याचे, एवढे कळायला आकडेवारी लागत नाही. म्हणजे कमी झालेली रास भरून देणारी अर्धी सुविधा उत्तम आहे, आणि तिच्यावाचून मी पैसे गमावत होते. दोष फक्त उरलेल्या अर्ध्या भागात आहे, आणि दोन्ही अर्धे एकाच टिकेत बांधून ठेवण्यात आहे.

त्यावर मी जो उपाय शोधला तो सांगून ठेवते, कारण तो ग्राहकसेवेने एकाही पत्रात सांगितला नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये, टेबलांच्या सेटिंगपासून पार वेगळ्या ठिकाणी, दिवसाच्या तोट्याची मर्यादा घालता येते. तिथे १५ डॉलर लिहून ठेवले की तेवढे गेल्यावर नवी खरेदी होतच नाही, मग टिक लावलेली असो वा नसो. मर्यादा कमी केली तर लगेच लागू होते आणि वाढवली तर २४ तासांनी, त्यामुळे तापलेल्या डोक्याने ती उठवता येत नाही. ही गोष्ट मला मनापासून आवडली. उणीव एवढीच की चांगल्या टेबलावरचा भरणाही त्याच मर्यादेत अडकतो.

बाकीच्या गोष्टींवर फार लिहिण्यासारखे नाही. ॲप अडखळत नाही, डावांच्या नोंदी ट्रॅकरमध्ये नीट उतरतात, चार टेबले एका पडद्यावर व्यवस्थित बसतात. पहिल्या भरण्यावरचा बोनस मात्र आवळा देऊन कोहळा काढण्यातला प्रकार आहे, कारण तो मुदतीत सोडवून घ्यायचा तर १/२ सेंटच्या टेबलांवर बसणाऱ्याला दिवसभर खेळावे लागेल. मी तो सोडून दिला.

२/५ सेंटच्या टेबलांवर आजवर ६१,००० डाव झाले, मधे दोनदा खाली उतरून १/२ वर १२,००० डाव खेळले, आणि गेल्या आठवड्यात खात्यात ३१८ डॉलर झाले. माझ्या नियमाने ५/१० सेंटच्या टेबलाचे दार ३०० ला उघडते. तरीही मी आधी मूळचे ५० डॉलर काढून घेतले. फर्ग्युसन यांनी ज्या साइटवर आपला प्रयोग केला तिच्या उभारणीत ते स्वतः होते, आणि एप्रिल २०११ मधल्या अमेरिकन सरकारच्या कारवाईनंतर त्याच साइटवर खेळाडूंचे पैसे अडकले. अमेरिकेतल्या खेळाडूंना ते मिळायला लागले २०१४ मध्ये. पडद्यावर दिसणारा आकडा आणि हातातले पैसे यांत फरक असतो, आणि माझ्या सूचनेला एकोणीस दिवसांनी दोन ओळींचे उत्तर देणाऱ्यांकडे माझे मूळ भांडवल राहावे असे मला वाटले नाही.

पैसे चार दिवसांनी आले, त्यातून २ डॉलर शुल्क कापले गेले. १/२ सेंटच्या टेबलावर तो पूर्ण एक बाय-इन होतो. मी वहीत त्याचीही एक रेघ ओढली आहे. खात्यात आता २६८ डॉलर आहेत, ५/१० ला अजून ३२ कमी आहेत, आणि परवाच्या अपडेटनंतर रोज बसण्याआधी मी सेटिंग उघडून ती टिक काढलेलीच आहे का आणि ती १५ डॉलरची मर्यादा जागेवर आहे का ते पाहते.