सैंधव मीठ: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये ह्यांना बीपी निघालं आणि त्याच आठवड्यात आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या घरात सैंधव आलं. ओळखीतल्या एकीने सांगितलं, "साधं मीठ बंद कर, सैंधवात सोडियम नसतं." मी ते खरं मानलं. आयोडीनयुक्त मिठाची पिशवी फडताळात मागे ढकलली आणि माशाच्या हुमणापासून (आमटीपासून) पेजेपर्यंत सगळीकडे ती गुलाबी भरड सुरू केली.

चवीला सैंधव मला आवडलं, आजही आवडतं. जिभेवर एकदम चढत नाही. काकडीच्या फोडीवर, सोलकढीत, एकादशीच्या वऱ्याच्या तांदळात छान लागतं. पण ही सौम्य चवच आम्हाला नडली. नेहमीचा चमचा घातला तर आमटी अळणी लागायची, मग वरून चिमूट, मग आणखी एक चिमूट. आधी किलोची पिशवी आम्हा चौघांना पाच आठवडे पुरायची, सैंधवाची चार आठवड्यांत संपू लागली. वर दर तिपटीहून जास्त.

शेवटी केक करायचा वजनकाटा काढला. साध्या मिठाचा सपाट चमचा भरला 6 ग्रॅम, सैंधवाच्या भरडीचा जेमतेम 5. दाणा जाड, मध्ये हवा राहते, एवढंच. सोडियम नाही हे तर साफ चूक. दोन्ही मिठांत शंभरातले 95 हून जास्त भाग सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा, आणि बाकीची खनिजं इतकी थोडी की त्यांच्यासाठी मीठ खाण्यात अर्थ नाही. ह्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, मीठ कुठलंही असो, दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे जो महिना मी बीपीसाठी जपत होते, त्याच महिन्यात ह्यांच्या पोटात मीठ जास्त जात होतं. ह्याचं मला फार वाईट वाटलं.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्ही सगळी मूळ घरी जमलो. तिथे साधं मीठ, आणि माझ्या हाताला सैंधवाची सवय. खतखत्यात (मिसळीच्या भाजीत) मी अंदाजाने घातलं आणि अख्खं पातेलं खारट झालं. जावेने पटकन सुरणाच्या फोडी आणि नारळाचं वाटण वाढवलं म्हणून नैवेद्य निभावला. तेव्हा मीठ बदलणार असाल तर पहिले पंधरा दिवस हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

पावसाचं सांगायचं तर आपल्याकडे जुलैत कुठलंच मीठ कोरडं राहत नाही. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढतं. पिशवीतल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून पदार्थ घातलेला असतो, त्यामुळे ते त्यातल्या त्यात मोकळं राहिलं. सैंधवाची पूड मात्र बरणीच्या तळाशी दगड झाली. खडा आणून लागेल तसा खलबत्त्यात कुटणं सोपं पडलं.

आता आयोडीनचं, जे मला सर्वांत आधी कळायला हवं होतं. नोव्हेंबरात लेक बाळंतपणासाठी माहेरी आली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घरात मीठ कुठलं?" मी अभिमानाने सैंधव म्हटलं. त्या थांबल्या, आणि मग समजावून सांगितलं. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला 250 पर्यंत. ते कमी पडलं तर गलगंड होतोच, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढही खुंटू शकते. सैंधवात ते नसल्यातच जमा. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात ग्रॅममागे निदान 15 मायक्रोग्रॅम असावं असा नियम आहे. देशात ह्यासाठी 1962 पासून सरकारी कार्यक्रम चालू आहे, उगाच नव्हे.

"पण आम्ही मासे खातो की!" मी म्हटलं. माशात आयोडीन असतं हे खरं, पण लेक शिवराक, म्हणजे शाकाहारी. आणि आगरवाड्याच्या आगरातलं (मिठागरातलं) गावठी मीठ समुद्राचं असलं तरी त्यातही आयोडीन नगण्यच. हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मागे ढकललेली पिशवी पुढे काढली. आता रोजच्या जेवणात आयोडीनयुक्तच, झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब, आणि शिजत आल्यावर घालायचं, कारण ओल आणि उष्णतेने आयोडीन उडतं. थायरॉइडची गोळी चालू असेल त्यांनी मात्र मीठ बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

सैंधव छोट्या डबीत आहे, ताकाला आणि एकादशीला. चेपणीच्या तोरांना, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवायच्या कैऱ्यांना, गावठी मिठाचे खडेच, पिशवीतल्या मिठाने खारं (ते मिठाचं पाणी) गढूळ होतं. यंदाच्या पुरुमेतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, त्या गावठी मिठाच्या दोन पायल्या सांगून ठेवल्या आहेत, मे सरायच्या आत आणायच्या.