सवाईला बैठक की खुर्ची? पिशवी त्यानुसार भरा

पुण्यात डिसेंबरात होणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचं तिकीट काढताना बहुतेक जण दर बघतात. भारतीय बैठक, म्हणजे खाली जाजमावर मांडी घालून बसणं, स्वस्त; खुर्ची महाग. पण दुपारपासून रात्रीपर्यंत, तेही ओळीने काही दिवस बसायचं म्हटलं की प्रश्न गुडघ्यांचा, कमरेचा आणि सोबत काय न्यायचं याचा होतो. दोन्हीकडचं सामान वेगळं असतं, आणि तेच पाहून जागा ठरवलेली बरी.

बैठकीपासून सुरुवात करू, कारण चुका तिथेच जास्त होतात. खाली जाजम असलं तरी त्याखाली मैदानाची जमीन असते. डिसेंबरातल्या पुण्यात दुपारी 28-30 अंश आणि रात्री 12च्या आसपास, असा फरक सहज पडतो. संध्याकाळनंतर गारवा खालून चढतो. नुसती सतरंजी किंवा चादर पुरत नाही, कारण अंगाच्या भाराने सुती कापड दबतं आणि त्यातली हवा निघून जाते. 8 ते 10 मिलिमीटर जाडीची फोमची योगा मॅट घ्या आणि वर सतरंजीची घडी टाका. फुगवायची उशी टाळावी. ती हलते, करकरते, आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या आलापात तो आवाज चार रांगांना ऐकू जातो.

दुसरी वस्तू म्हणजे 3-4 इंच उंचीची घट्ट उशी, मांडीखाली नव्हे, बुडाखाली. कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहिली की पाठीला पोक येत नाही आणि पायाला मुंग्या उशिरा येतात. तरीही ख्याल, म्हणजे एका रागाचं विस्ताराने गायन, तासभर चालला तर पाय बदलावाच लागतो. मोठी हालचाल मात्र कलाकार बदलताना, तंबोरे जुळत असताना करा. पाठ टेकायची घडीची जमिनीवरची खुर्ची मोहात पाडते, पण मागच्याचं दिसणं बंद होतं आणि भांडण ओढवतं. ती घरीच ठेवा.

चपला काढाव्या लागतात, म्हणून एक कापडी पिशवी हवी. नाडीचे बूट नकोत. प्रत्येक मध्यंतराला पाच मिनिटं त्यातच जातात. पायमोजे मात्र हवेतच.

खुर्चीचं सामान निम्म्याने कमी. मॅट नको, जाड उशी नको, चपला पायातच. पण प्लास्टिकच्या खुर्चीला कंबरेजवळ आधार नसतो, तेव्हा टॉवेलची घट्ट गुंडाळी करून पाठीमागे ठेवा. बसायला पातळ उशी पुरते; जाड घेतली तर पाय अधांतरी राहतात आणि मांडीच्या मागची बाजू दुखते. इथे थंडी पावलांना आणि पाठीला लागते, म्हणून बंद बूट आणि पाठ झाकणारं जाकीट. बैठकीत शाल बरी, कारण मांडीवरही ओढता येते. खुर्चीत ती सारखी घसरून खाली लोळते.

माकडटोपी आणि कानावरून घेतलेला मफलर दोन्हीकडे टाळलेला बरा. लोकरीने वरचे सूर दबतात, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, हरवते, आणि मग माणूस ध्वनिव्यवस्थेला नावं ठेवतो. गळा झाका, कान उघडे ठेवा.

पाणी बैठकीत अर्धा लिटर पुरे. मधल्या रांगेतून उठायचं तर वीस माणसांचे गुडघे ओलांडावे लागतात, हा हिशेब आधीच करा. खुर्चीत, त्यातही कडेची मिळाली, तर लिटरभर चालेल. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येतात का, हे तिकिटावर वाचून घ्या. नेता येत असतील तर दशम्या आणि तिळाची वडी, कापडात गुंडाळून. चिवड्याचं प्लास्टिकचं पाकीट नको, स्टीलच्या डब्याचं झाकण तर मुळीच नको. ते पडतं, आणि नेमकं सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येण्याआधी पडतं.

पावसाला विसरू नका. 2014चा महोत्सव अवकाळी पावसामुळे पुढे ढकलावा लागला होता. खुर्चीवाल्याला घडीचा रेनकोट पुरतो. बैठकवाल्याने मॅट आणि सतरंजी झाकेल अशी मोठी प्लास्टिकची पिशवीही ठेवावी. भिजलेली सतरंजी दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही. छत्री दोघांनीही आणू नये. ती गर्दीत टोचते.

पाणी सोडून एकूण वजन बैठकीसाठी दोन-अडीच किलो होतं, खुर्चीसाठी एक किलोच्या आत. बसने किंवा पायी येणाऱ्याला हा फरक पाचव्या दिवशी खांद्यावर कळतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, मांडी घालून अर्धा तासही बसवत नसेल, तर विचार करत बसू नका, खुर्ची घ्या. पाय धड असतील तर बैठक घ्यावी. शेजाऱ्याच्या मांडीवरचा ताल बघत ऐकण्याची मजा खुर्चीत नाही.

घरातली मंडळी विभागून बसणार असतील तर किल्ली, पार्किंगची पावती आणि पॉवर बँक एकाच पिशवीत ठेवू नका. कार्यक्रमात फोन बंद असतात, आणि दहा वाजता बाहेर पडणाऱ्या गर्दीत एकमेकांना शोधायला तासभर जातो. भेटायचं फाटक सुरुवातीलाच ठरवून घ्या.