10 मीटर मॅच एअर रायफल: 7 महिने आणि 7,000 शॉटनंतर

ही 4.5 मिमीची प्रीचार्ज्ड (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल हातात आली तेव्हा लगेच काही लिहिलं नाही. पहिल्या महिन्यात नवी रायफल सगळ्यांनाच आवडते. आता ती एकदा दुरुस्त होऊन आली आहे, कितीदा तरी झिरो करून (म्हणजे नेम धरला तिथेच शॉट लागेल अशी साइट जुळवून) झाली आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

नळी उत्तम आहे. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून मारलेल्या 10 शॉटचं मिळून एकच भोक पडतं, कडेपासून कडेपर्यंत 5.5 मिमी. त्यातले 4.5 मिमी पेलेटचेच (छर्र्याचेच), म्हणजे खरा फैलाव जेमतेम 1 मिमी. टार्गेटवरची 10 ची रिंग अर्ध्या मिलिमीटरची असली तरी पेलेटची कड तिला लागली की 10 मिळतात. म्हणून पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत राहिला तरी चालतं, आणि तिथून दर पाव मिलिमीटरला 0.1 गुण कमी-जास्त होतो. एवढी नळी हाताशी असताना माझे शॉट 9.4 ला का जातात, हे शोधण्यातच बहुतेक महिने गेले.

पेलेटपासून सुरुवात केली. एकाच कंपनीचे, 0.53 ग्रॅमचे, सपाट डोक्याचे, पण वेगवेगळ्या लॉटचे (एका खेपेत बनलेल्या पेलेटचा एक लॉट) आणि 4.49 ते 4.51 मिमी डोक्याचे डबे शिकंज्यातून मारून पाहिले. सगळ्यात चांगल्या लॉटचा ग्रुप, म्हणजे सगळ्या शॉटचा मिळून फैलाव, 5.5 मिमी, सगळ्यात वाईट 7.8. डब्यावरचं नाव तेच, वजन तेच! कोणता लॉट चालतो ते त्या त्या नळीवर ठरतं, त्यामुळे दुसऱ्याने सुचवलेला डबा डोळे झाकून घेऊ नका.

चौथ्या महिन्यात मात्र वेगळंच सुरू झालं. ग्रुप उभा लांबायला लागला. आधी श्वासावर शंका घेतली, कारण उभी चूक म्हटलं की आपण श्वासाकडेच बोट दाखवतो. दोन आठवडे श्वास सोडण्याची लय बदलत बसले आणि होती ती पोझिशनही बिघडवून घेतली. मग शॉटच्या नोंदवहीत एक गोष्ट दिसली: वर गेलेला जवळपास प्रत्येक शॉट विश्रांतीनंतरचा पहिला होता. रायफल क्रोनोग्राफसमोर (पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर) ठेवली. सलग मारताना वेग सेकंदाला 172, 173, 172 मीटर. दहा मिनिटं थांबून मारला तर 178. रेग्युलेटरचं, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाचं, सील गेलं होतं. थांबलं की आतला दाब हळूहळू चढायचा आणि पुढचं पेलेट जास्त वेगाने निघायचं. 10 मीटरवर तेवढ्याने सुमारे 1 मिमीचा फरक पडतो, म्हणजे जवळपास 0.4 गुण. सील बदलल्यावर ग्रुप पुन्हा गोल झाला. इतक्या लवकर सील जायला नको होतं, ही या रायफलीबद्दलची माझी खरी तक्रार. सिलिंडर 200 बारपर्यंत भरलेला असो की निम्मा, आता वेग तोच राहतो.

दुसरी तक्रार स्टॉकच्या (रायफलीच्या दस्त्याच्या) स्क्रूंची. ते ढिले होतात. हाताला काहीच जाणवत नाही, पण ग्रुप सरकतो. आता दर आठवड्याला टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) तपासते, दर वेळी त्याच आकड्यावर.

बाकीचं सगळं माझ्याकडे. चाळिसाव्या शॉटनंतर खांदा दमला की रायफल उजवीकडे कलायची. 10 मीटर जाईपर्यंत पेलेट साधारण 17 मिमी खाली येतं आणि साइट तेवढी भरपाई वर करते. रायफल कलली की ती भरपाईही तिरकी होते. 3 अंश कल म्हणजे जवळजवळ 1 मिमी उजवीकडे. थोडा कल असला तरी बिघडत नाही, पण पहिल्या शॉटला जेवढा तेवढाच साठाव्या शॉटला हवा. फोरसाइटमध्ये (नळीच्या टोकाकडच्या साइटमध्ये) आडव्या दांड्यांची रिंग टाकल्यापासून कल वाढला की लगेच दिसतो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो चीक पीस (गाल टेकवायचा भाग) 2 मिमी वर घेतल्याने. आधी डायॉप्टरच्या (डोळ्याजवळच्या, बारीक भोकाच्या साइटच्या) मधोमध बघायला मान ताणावी लागायची, आणि प्रत्येक शॉटला ती वेगळी ताणली जायची. आता गाल ठेवला की डोळा आपसूक जागेवर येतो. त्याच्या जोडीला एक सवय लावून घेतली आहे. रायफल उचलायची, गाल टेकवायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, मग डोळे उघडायचे. काळा गोल रिंगच्या बाहेर दिसला तर हाताने ओढून आणायचा नाही, पाय सरकवायचा. हाताने ओढलेली रायफल ट्रिगर सुटताच परत आपल्या जागी जाते, आणि पेलेट तेव्हा अजून नळीतच असतं. आठ सेकंदांत शॉट गेला नाही तर खाली घेते, कारण त्यापुढे डोळा शेवटचं चांगलं चित्रच धरून बसतो आणि नेम हलतोय हे कळत नाही.

ट्रिगर अप्रतिम आहे. पहिला टप्पा संपला की भिंत लागल्यासारखी स्पष्ट जाणवते. पहिल्या आठवड्यानंतर त्याच्या सेटिंगला हात लावलेला नाही.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन, पण पहिल्याच दिवशी क्रोनोग्राफवर दहा मिनिटं थांबून मारून बघेन. चांगल्या लॉटचे आता दोनच डबे उरलेत. ते संपायच्या आत नवीन लॉट शिकंज्यातून मारून निवडायचे आहेत.