एडीएस१११५ मॉड्यूल: एप्रिल छाटणीपासून द्राक्षबागेत

तासगाव तालुक्यातल्या आमच्या बागेत एप्रिल छाटणीपासून एडीएस१११५, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज मोजून आकड्यात देणारं छोटं मॉड्यूल, ठिबकच्या व्हॉल्व्हशेजारच्या डब्यात बसवलंय. मातीत ओलाव्याचे चार कपॅसिटिव्ह सेन्सर, मध्ये हे, पुढे ते आकडे वाचणारा ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर. त्या ईएसपी३२ मध्येच १२ बिटचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, असताना हा वेगळा खर्च कशाला, असं घरच्यांनीही विचारलं.

माती सुकेल तसं या सेन्सरचं व्होल्टेज वाढतं. आमचं रान मुरमाड, ताण बसला की आकडा अडीच व्होल्टच्या वर. ईएसपी३२ चा एडीसी साधारण २.४५ व्होल्टच्या पुढे भरवशाचा राहत नाही. म्हणजे पाणी सोडायचं की थांबायचं हे जिथं ठरतं, तिथंच आकडे वाकडे. एडीएस१११५ ला ±४.०९६ व्होल्टची रेंज लावली की एक पायरी, म्हणजे आकड्यात दिसणारा लहानात लहान फरक, १२५ मायक्रोव्होल्टची, आणि मोजायचं मूळ माप, म्हणजे रेफरन्स, चिपच्या आतच.

पण पैसे वसूल झाले ते विहिरीवरची मोटर चालू होताना. ईएसपी३२ चा एडीसी तराजूसारखा तोलतो: आधी मोठं वजन, मग निम्मं, मग त्याच्या निम्मं. हे सगळं एका क्षणी पकडलेल्या व्होल्टेजवर. त्या क्षणी स्टार्टरचा झटका तारेत शिरला, की तोच ‘ओलावा’ म्हणून नोंदतो. एडीएस१११५ डेल्टा-सिग्मा जातीचा. तो एकसारखा ‘वर की खाली’ एवढंच बघत ० आणि १ ची रांग लावतो, आणि त्यात १ किती याचा हिशेब करून आकडा देतो. सेकंदाला ८ नमुन्यांवर ठेवलं तर एका आकड्यामागे १२५ मिलिसेकंदांची सरासरी येते. रात्रीची लाईट आली, मोटर धडधडली, तरी माझा आलेख जागचा हलत नाही.

१६ बिट वाचून हुरळू नका. ग्राउंडच्या तुलनेत मोजताना उणे बाजू कामाला येत नाही. ० ते ३२७६७, म्हणजे १५ बिटच. शेवटचे आकडे तर नाचतातच. मातीला काय फरक पडतो म्हणा!

±६.१४४ ची रेंज आहे म्हणून ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या मॉड्यूलला ५ व्होल्टचा सिग्नल जोडू नका, चिप जाईल. पावसाळ्यात पिनांवर हिरवट गंज चढला, वायर सोल्डरच केल्या.

घेताना एक तपासा. स्वस्तातल्या काही बोर्डांवर १२ बिटची एडीएस१०१५ चिकटवलेली असते. मी मागवलेल्या दुसऱ्या बोर्डवर २०४८०, २०४९६, २०५१२ असेच आकडे येत होते, प्रत्येक १६ च्या पटीत. खालचे चार बिट कायम शून्य! तो परत केला.

ओलावा, तापमान, बॅटरीचं व्होल्टेज यांना बिनधास्त घ्या. आवाज किंवा कंपनं मोजायची असतील तर नको, जास्तीत जास्त वेग सेकंदाला ८६० नमुने, आणि तोही चार चॅनलमध्ये वाटून.